लाट मोजायला गेलेली माणसं

सरकारी कामात जसे कागद जमतात, तसे किस्सेही जमतात. फरक एवढाच की कागद कपाटात कुलूपबंद होतात आणि किस्से कुणी चहाचा कप पुढे केला की बाहेर पडतात! माझ्याकडचे बरेचसे पालघरच्या दोन वर्षांतले आहेत. साठ-पासष्टचा सुमार. तारापूरच्या बाजूला मोठमोठी बांधकामं व्हायची होती, आणि वरून विचारणा आली : समुद्रातून कधी भलीमोठी लाट आली, तर काठावरच्या काँक्रीटच्या इमारती टिकतील का? किनाऱ्यानं फिरा, बघा, लिहा.

आम्ही तिघं होतो. केतकरसाहेब इंजिनियर, आवाजानं मऊ आणि कामाला चोख. बाळूतात्या कोळीवाड्यातले, पन्नाशीचे. उंची मोजायची लांब पट्टी धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. आणि मी ओव्हरसियर, गाव सांगोला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच मुळी नोकरीवर रुजू झाल्यावर!

*

त्सुनामी हा शब्द तेव्हा इकडे कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता. साहेबांनी तो एका परदेशी मासिकात वाचला आणि आम्हाला सांगितला. तात्यांनी तो गावोगावी पोचवला, आपल्या पद्धतीनं. आम्ही केळव्याला पोचलो, तर दारादारातून बायका डोकावतायत. एकीनं मला पाण्याचा तांब्या दिला आणि हळूच विचारलं, "सूनबाई कोनाची येनार हाय? सायेबांची का तुमची?"

तात्यांनी सांगून ठेवलं होतं, "सूनबाई येनार हाय, म्हनून मानसं घरं बघाय येतायत!"

मी पोट धरधरून हसलो. साहेब हसले नाहीत. "येऊच नये म्हणा," एवढंच म्हणाले.

*

भरतीचं पाणी कुठवर चढतं ती रेघ आधी ठरवायची आणि तिथून प्रत्येक इमारतीचं जोतं किती उंच ते मोजायचं, अशी कामाची रीत. शिरगावला ती रेघ मी एकट्यानं शोधली. वाळूवर शिंपल्यांची ओळ दिसली, खुंट्या ठोकल्या आणि आठवडाभर मान मोडून मापं घेतली.

आठवड्यानं बघतो तर खुंट्या गायब!

"तात्या, चोरी झाली!"

"चोरी कसली? तुमी अष्टमीला ठोकल्या. तवा पानी आळशी असतं. आज पुनव, उधाण हाय. पानी त्या माडांच्या मुळात जाऊन आलंय."

"मला वाटलं, भरती म्हणजे भरती. रोज सारखीच."

तात्या म्हणाले, "तुमचं हापिस क्यालेंडर बघतं. समुद्र तिथी बघतो!"

आठवड्याची मापं मी फाडून टाकली.

*

मुंबईच्या एका शेटजींनी वाडीत नवा बंगला बांधला होता. समुद्राच्या बाजूला छातीएवढी भक्कम भिंत. साहेबांनी त्यांना शांतपणे समजावलं, "खालचा मजला मोकळा ठेवा, नुसते खांब. पाणी आलं तर आरपार जाईल. अडवलंत, तर भिंतीसकट घरावर येईल. पाण्याला वाट द्या."

शेटजी खो खो हसले. "अहो, समुद्र दिसावा म्हणून बंगला बांधला. तो चहाला यावा म्हणून नव्हे!"

आम्हीही हसलो, शहाळी प्यालो आणि निघालो. वाटेत साहेब म्हणाले, "मला नीट सांगता आलं नाही रे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे फार वेळा ऐकलं.

*

पुढची हकिगत मी सहसा सांगत नाही. गावाचं नावही सांगणार नाही.

त्या गावानं श्रमदानानं शाळा बांधली होती. दोन खोल्या, वर काँक्रीटचा स्लॅब. बायकांनी डोक्यावरून वाळू वाहिली होती. गुरुजी आम्हाला भिंतीवरून हात फिरवत शाळा दाखवत होते. साहेबांनी एका खांबावर हातोडी हलकेच मारली, तर गिलावा गळून पडला. आतली सळई गंजून सोलपटली होती.

"गुरुजी, वाळू कुठली?"

"आपलीच की! ही काय समोर!"

समुद्राची खारी वाळू. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी अहवालात लिहिलं, 'लाट आल्यास इमारत टिकणार नाही. लाट न आल्यासही टिकणार नाही.'

अहवाल वरून परत आला. शेरा होता, 'चौकशी केवळ लाटेपुरती आहे. दुसरे वाक्य गाळावे.'

साहेबांनी अहवाल दोन दिवस टेबलावर तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाक्य गाळलं. मग रविवारी सायकल काढून एकटेच गुरुजींकडे गेले आणि सगळं तोंडी सांगून आले.

गुरुजी म्हणाले, "साहेब, गावानं घाम गाळलाय. मी नुसतं बोललो तर मला वेड्यात काढतील. लेखी द्या, उद्या पोरं झाडाखाली बसवतो."

लेखी देणं साहेबांच्या हातात नव्हतं.

पुढच्या आषाढात एका सुट्टीच्या दिवशी स्लॅब खाली बसला. पोरं घरी होती. गुरुजी तेवढे आत होते, भिंत ओली झाली म्हणून नकाशा काढून घ्यायला गेलेले. उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो. साहेब खाटेच्या पायगतीला उभे राहिले. गुरुजी चिडले नाहीत की रडले नाहीत. म्हणाले, "साहेब, लाट काही आली नव्हती हो."

महिन्याभरात साहेबांनी बदली मागून घेतली.

*

आता माझा स्वतःचा किस्सा सांगतो.

दर्याला खरोखर उलटताना पाहिलेलं एकच माणूस आम्हाला सापडलं होतं. तात्यांच्या गावची हिराबाय. दुसरं महायुद्ध संपलं त्या साली, दिवाळीनंतर एका सकाळी पाणी लांब मागं गेलं, मासळी उघडी पडली, लोक टोपल्या घेऊन धावले आणि मग पाणी आलं, असं तिनं सांगितलं. मी विचारलं, "किती पाणी होतं, बाय?"

तिनं छातीच्या खाली हात आडवा धरला. "हितवर."

मी टेप लावली. साडेतीन फूट. लिहून घेतलं. त्या आकड्यावर त्या पट्ट्यातल्या सगळ्या इमारतींपुढे 'सुरक्षित' असं पडलं. अहवाल वर गेला, मंजूर झाला, बांधून ठेवला गेला.

वर्षानं तात्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो. मांडवात हिराबाय भेटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाय, त्या दिवशी तुम्ही उभ्या कुठं होता?"

"देवळाच्या ओट्यावर."

मी हातातला पेला खाली ठेवला. "मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू किती पानी ते इचारलंस. कुटं उबी व्हती ते कुटं इचारलंस?"

मी तिला घेऊन देवळापाशी गेलो. लग्नाच्या कपड्यांतच वाळूत बसलो आणि वीत टाकत टाकत ओटा मोजला. भरला चार फूट.

"चार आणि साडेतीन," मी म्हणालो. "साडेसात."

"मंग आता लिव," बाय म्हणाली.

खिशात लग्नाची पत्रिका होती. पत्रिकेच्या पाठीमागं मी लिहिलं : साडेसात फूट. माझं लिहून होईपर्यंत बाय जागची हलली नाही.