कुणाच्यातल्या तुम्ही?

वीस वर्षं शाळेत मुलांना गप्प बसवल्यावर पंचेचाळिशीत मला समुपदेशक व्हायची हुक्की आली. दर शनिवारी कर्जतहून एसटीनं नगरला वर्गाला जायचं. तिथल्या आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "सल्ला द्यायचा नाही, ओळख काढायची नाही, खोलीतलं बाहेर न्यायचं नाही." मी सगळं वहीत उतरवून घ्यायचे. ह्या तीन गोष्टी वगळल्या तर आमच्याकडच्या बायका बोलतात तरी काय, हे मात्र मला कळत नव्हतं.

सरावासाठी श्रीगोंद्यातल्या एका संस्थेची खोली मिळाली. पहिल्याच मंगळवारी तिशीतली एक बाई आली, एकटीच. पदर सावरून बसली.

"घरात बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "वळखीच्यात कुनाला सांगायचं न्हाई, म्हनून हितं आले." आणि थांबली.

समोरचं माणूस थांबलं तर थांबू द्यावं, असं शिकवलेलं. मी मनात वीसपर्यंत आकडे म्हटले. शेवटी तोंडातून निघून गेलंच, "कुठल्या तुम्ही?" तिनं गाव सांगितलं. "कुणाच्यातल्या?" तिनं आडनाव सांगितलं आणि मी हुरळून म्हणाले, "अगंबाई! त्यांच्यात तर माझी नणंद दिलीय!"

तिचा चेहरा बघता बघता बदलला. "व्हय का? त्या माज्या चुलत जाऊबाई. म्हंजे तुमी पाव्हन्याच की!" मग तिनं जाऊबाईंकडून ऐकलेल्या माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली, घरी चहाला बोलावलं. "तुमचं काय सांगत होता?" मी विचारलं. "आमचं समदं बरं हाय." दहा मिनिटांत ती उठून गेली.

शनिवारी वर्गात हे सांगितल्यावर शिकवणाऱ्या बाई चिडल्या. "ती परक्या माणसाकडे आली होती. तुम्ही तिला परत सासरी नेऊन बसवलंत." मला रागच आला. कोण कुणाच्यातलं हे कळल्याशिवाय आमच्याकडे गप्पा सुरूच होत नाहीत, मग मनातलं कुठून निघायचं? पण ती नेमकी तेच टाळायला आली होती, हेही खरं. दोन्ही पटत होतं, त्यामुळे डोकं भणभणत होतं.

त्याहून मोठी काळजी तिची होती. काय होत असेल तिथं? मारहाण? जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर? रविवारी दुपारी न राहवून मी नणंदेला फोन लावला. "अगं, तुमच्यातली ती..." एवढं बोलले, तोच ती म्हणाली, "वहिनी, कांदा काढायला बाया आल्यात, मागून बोलू," आणि फोन ठेवला. तिनं परत केला नाही. मीही केला नाही. शहाणपणानं की लाजेनं, ते सांगता येत नाही.

मंगळवारी ती येणार नाही, अशी माझी खात्रीच होती. पण ती आली. खुर्चीच्या कडेवर टेकली.

"आठ दिस वाट बघितली," ती म्हणाली. "जाऊबाई दिसल्या की वाटायचं, आता विचारतील. लई भ्या वाटलं. पर त्यांना काय म्हाईतच न्हाई." तिचे डोळे भरले. "पाव्हन्या असून तुमी कुनालाच बोलल्या न्हाई. म्हनून तुमालाच सांगते."

फोनचं खरं सांगितलं असतं तर ती उठून गेली असती आणि पुन्हा कुणाकडेच गेली नसती. न सांगावं, तर तिनं टाकलेला विश्वास माझ्या वाट्याचा नव्हताच, कांदा काढणाऱ्या त्या बायांच्या वाट्याचा होता. वहीत ह्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

ती बोलायला लागली, आणि पहिली पाच मिनिटं त्यातलं एक अक्षरही मला ऐकू आलं नाही.