ड्युल्सी हॅनाफिननं कार्डं वाटली नाहीत

पक्षाचं खोकं नेहमीप्रमाणे ड्युल्सीच्या व्हरांड्यात येऊन पडलं. कोणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेव्हिल क्रॅडॉकच्या टायरच्या दुकानासमोर परत पोचलं, चिकटपट्टीसुद्धा न काढता. नेव्हिल पक्षाच्या गावातल्या शाखेचा सचिव. त्याला वाटलं, म्हातारीची तब्येत बिघडली असणार.

तब्येत उत्तम होती. मी तिची शेजारीण आहे, मला माहीत आहे. आमच्या दोघींच्या परसांमध्ये फक्त एक कुंपण आहे आणि त्यावरून आम्ही निम्मं आयुष्य लिंबं, बातम्या आणि टोमणे इकडून तिकडे केले आहेत.

त्या खोक्यात काय होतं ते सांगते. आमच्याकडे मतपत्रिकेवर शिक्का मारून भागत नाही. प्रत्येक उमेदवारासमोरच्या चौकटीत आकडा घालावा लागतो: पहिला कोण, दुसरा कोण, अगदी शेवटचा कोण. एक चौकट रिकामी राहिली तरी मत बाद. मतदान न करणाऱ्याला दंड, त्यामुळे घरी रुसून बसायचीही सोय नाही. मग लोक काय करतात? शाळेच्या फाटकाशी पक्षाची माणसं कार्डं घेऊन उभी असतात. कार्डावर आकडे तयार छापलेले. ते घ्यायचं, आत जाऊन नक्कल करायची, बाहेर येऊन पावात गुंडाळलेलं, कांदा घातलेलं सॉसेज खायचं आणि घरी जायचं. आमच्या या कोराबिन गावात सत्ताधारी पक्षाची कार्डं वाटायची ड्युल्सीनं. आधी तिचा नवरा व्हर्न वाटायचा. तो रेल्वेत होता, हाडाचा पक्षाचा माणूस. तो गेल्यावर ते काम घरातल्या भांड्यांसारखं तिच्याकडे आलं. तिच्या हातचं कार्ड म्हणजे ते बरोबरच असणार, असं अर्धं गाव धरून चालायचं. ड्युल्सी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती ना, गावातल्या प्रत्येकानं कधी ना कधी तिच्या हातचं सूप पडल्या पडल्या प्यालेलं. त्या ऋणात माणूस आकडेही नकलून काढतो.

आणि नेमकं त्या इस्पितळावरूनच हे सगळं पेटलं.

आमच्या इस्पितळाचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला तेव्हा दारावर 'तात्पुरता' असा शब्द होता. डॉक्टर मिळत नाहीत, सुईणी मिळत नाहीत, ही कारणं. गेल्या निवडणुकीत आमचे आमदार ग्रॅहम टिलर त्याच दारासमोर डोक्यावर बांधकामाचं पिवळं हेल्मेट घालून उभे राहिले आणि म्हणाले, पुन्हा निवडून द्या, पहिलं काम हेच. दिलं निवडून. नुसतं नाही, धो धो मतांनी. सरकारही परत आलं. मग वॉर्डाचा अभ्यास सुरू झाला. मग अभ्यासाचा आढावा. मग लोकांचं मत घेण्यासाठी सभा, तिथे बिस्किटं चांगली होती. वर्षभरानं टिलरसाहेबांना कुठल्याशा खाण कंपनीत गलेलठ्ठ खुर्ची मिळाली, त्यांनी राजीनामा टाकला, आणि आमच्या माथी पोटनिवडणूक आली.

मधल्या काळात ड्युल्सीच्या नातीला, टेगनला, कळा लागल्या. शहर दोन तासांवर. धान्याच्या कोठारांच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, गाडीच्या मागच्या सीटवर बाळ झालं. पकडायला ड्युल्सीचे हात होते. बाळ जगलं, टेगनही जगली, पण रक्त खूप गेलं. रुग्णवाहिका येईपर्यंत ड्युल्सीनं स्वतःचा कोट, बनियन आणि गाडीतला कुत्र्याचा पंचा असं सगळं वापरलं. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली. सांगताना ती शेंगा सोलत होती, आणि सोललेले दाणे सालांच्या टोपलीत टाकत होती.

आता टेगनला पुन्हा दिवस गेले होते.

खोकं परत गेल्यावर नेव्हिल नव्या उमेदवाराला घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. मीही होते तिथे, मुद्दाम गेले होते. उमेदवाराचं नाव लॅकलन प्रायर. मंत्र्यांच्या कार्यालयातून पाठवलेला, देखणा, पायात शेतकऱ्यांचे असतात तसे बूट, पण नवेकोरे.

"मिसेस हॅनाफिन, तुमचं दुःख मी समजू शकतो," तो म्हणाला.

"दुःख नाहीये रे पोरा, वॉर्ड नाहीये," ड्युल्सी म्हणाली. "चहात साखर?"

नेव्हिलनं घसा खाकरला. "ड्युल्स, हे बघ, सरकार प्रयत्न करतंय. शहराकडच्या दोन मतदारसंघांत मोठी इस्पितळं झालीच ना?"

"ते कुठले मतदारसंघ?"

लॅकलन प्रामाणिक निघाला बिचारा. म्हणाला, "तिथे लढत अटीतटीची असते."

"आणि आमची जागा?"

"आपली जागा सुरक्षित आहे," नेव्हिल अभिमानानं म्हणाला. तेवढ्यात आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं, पण शब्द तोंडातून गेले होते.

ड्युल्सीनं किटली खाली ठेवली. "कळलं. जी गाय लाथ मारत नाही तिला पेंड कोण घालणार."

"व्हर्न असता तर त्याला काय वाटलं असतं?" नेव्हिलनं शेवटचं अस्त्र काढलं.

"व्हर्न असता तर तू एव्हाना फाटकाबाहेर असतास. मी निदान चहा देतेय."

मतदानाच्या दिवशी ती नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. अंगात तिचा निळा स्वेटर, डोक्यावर टोपी, आणि दोन्ही हात रिकामे. शाळेच्या पालक मंडळाच्या सॉसेजच्या स्टॉलवर कांदा तव्यावर चुरचुरायला लागला होता. इतर पक्षांची माणसं कार्डं फडकवत होती. नेव्हिल स्वतः कार्डं वाटत होता, पण सवय नसल्यामुळे तो ती पत्ते वाटल्यासारखी वाटत होता.

लोक थेट ड्युल्सीकडे यायचे आणि हात पुढे करायचे.

"कार्ड नाही," ती म्हणायची.

"संपली?"

"आणलीच नाहीत. तूच वाच, तूच आकडे घाल."

"मग कोणाला पहिलं?" मेंढ्यांची लोकर कातरणारा बर्नी टूहिल रडकुंडीला आला. "मी कधी स्वतः केलं नाही गं हे."

"पहिला कोण ते मी सांगणार नाही. शेवटी कोणाला टाकायचं ते तुला माहीत असेल तर तिथून सुरुवात कर आणि वर चढ. पण सगळ्या चौकटी भर बाबा, नाहीतर मत फुकट."

"तू कोणाला शेवटी टाकलंस?"

"तुझ्या सासूला विचार, तिला माझ्याआधी कळतं सगळं."

नेव्हिल धावत आला. "ड्युल्स, हे तू आमच्याविरुद्ध प्रचार करतेयस."

"मी उभी आहे नेव्हिल. उभं राहायला पक्षाची परवानगी लागत नाही."

मला लोकांचा तो 'आपल्या एका मतानं काय होणार' हा सूर मुळीच सहन होत नाही. त्या दिवशी रांगेत तो सूर नव्हता. लोक आत जास्त वेळ लावत होते. शाळेच्या खोल्यांत म्हणे पेन्सिली चघळण्याचा आवाज येत होता. बाहेर येताना एकेकाचा चेहरा बघण्यासारखा, पहिल्यांदाच एकट्यानं गाडी चालवून आल्यासारखा.

दुपारी लॅकलन प्रायर छायाचित्रकार आणि शहरातल्या वृत्तपत्राची बातमीदार मुलगी घेऊन आला. सॉसेज खातानाचा फोटो काढणं हा उमेदवारांचा कुळाचार आहे. स्टॉलवाल्यांनी त्याला सॉसेज दिलं. स्टॉलवर सगळ्यांना मिळतं, तो नियम आहे. कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं असावं की ड्युल्सीशेजारी उभं राहून फोटो काढला तर बरं. आला हसत.

"मिसेस हॅनाफिन, एक फोटो आपण दोघं?"

"काढू की," ड्युल्सी म्हणाली. "पण इथे ऊन डोळ्यांवर येतंय. समोर चल."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे. रस्त्यापलीकडे इस्पितळ आहे. ती निघाली, तिच्या मागे तो, त्याच्या मागे छायाचित्रकार. बातमीदार मुलीला काही सांगावं लागलं नाही. रांगेतले लोक पावाचे घास हातात घेऊन मागे निघाले. बर्नीनं तर सॉसवर सॉस घालून घेतला, तमाशा लांबला तर असू दे म्हणून.

बाळंतपणाच्या वॉर्डाच्या दाराला कुलूप आणि साखळी. काचेतून आत दिसत होतं: भिंतीशी उलट्या रचलेल्या खुर्च्या, मोडका प्रिंटर, आणि एका कोपऱ्यात काचेचा पाळणा, त्यात जुन्या फाइली.

"इथे प्रकाश छान आहे," ड्युल्सी म्हणाली. "जरा दार ओढून बघ."

"ते बंद आहे."

"तुमचे टिलरसाहेब म्हणाले होते, पहिलं काम हेच. झालं असेल कदाचित, आम्हाला कळलं नसेल. बघ ना ओढून."

शंभरेक डोळे त्याच्याकडे. पोरानं खरंच दार ओढलं. साखळी खणखणली. त्याच क्षणी फोटो निघाला: एका हातात सॉसेज, दुसरा हात कुलपावर, आणि तोंडावर शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या मुलाचा भाव. दुसऱ्या दिवशी तो राज्यभर छापून आला.

निकाल लागला. लॅकलन निवडून आला, पण जेमतेम. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या खिशात असलेली जागा आता कधीही निसटेल अशी झाली. नेव्हिल टायरच्या दुकानातून ओरडला, "पडता पडता वाचला तो, तुझ्यामुळे."

"वाचला ना? बरं झालं," ती म्हणाली. "पडला असता तर सामान बांधून घरी गेला असता. आता रोज सकाळी घाबरून उठेल. मला तेच हवंय."

इथवर ती जिंकत होती. पण मग टेगननं तिला गाठलं.

नियम असा की तारीख जवळ आली की खेड्यातल्या बाईनं शहरात जाऊन मोटेलमध्ये राहायचं आणि वाट बघायची. टेगनचा नवरा लोकर कातरायच्या मोसमात बाहेर, घरात रांगतं बाळ. टेगन म्हणाली, "मी जाणार नाही."

"जाशील," ड्युल्सी म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर."

"आजी, तू सगळ्या गावाला लाथ मारायला शिकवलंस. मीच तेवढी शहाणी गाय?"

"मी दारापाशी उभी राहिले, टेगन. तू रक्तात पडली होतीस. ते दोन वेगळे."

"म्हणूनच मी सांगतेय. मी त्या रस्त्यावर पुन्हा जाणार नाही. कळा लागल्या की त्या कुलपासमोर जाऊन बसेन. बघू दे मग सगळ्यांना."

ड्युल्सी त्या रात्री माझ्याकडे आली नाही, मीच कुंपणापाशी गेले. "तिला अडव," मी म्हटलं. "हट्टापायी जीव जाईल."

"अडवलं असतं," ती म्हणाली, "पण तिच्यात व्हर्न आहे आणि मीही आहे. अडणार कशी?" मग म्हणाली, "मला भीती वाटतेय गं." इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पण घाबरून ती घरात बसली नाही. दुसऱ्या सकाळपासून तिनं आमदारांच्या कार्यालयात फोन लावायला घेतला. रोज. कर्मचारी सांगायचे, साहेब बैठकीत आहेत. ती म्हणायची, "चालेल. साहेबांना निरोप द्या: माझी नात त्या दारासमोर येणार आहे, आणि ती पेपरवाली मुलगी मला रोज विचारते, कधी." हे खरं होतं. ती मुलगी खरंच विचारायची.

शेवटी लॅकलननं स्वतः फोन घेतला. तो काय बोलला ते मला माहीत नाही, ड्युल्सी एवढंच म्हणाली, "पोरा, तू मला आवडतोस. पण तुझी जागा आता सुरक्षित नाही, हे विसरू नकोस."

साखळी निघाली. खुर्च्या बाहेर आल्या. दुसऱ्या राज्यातून दोन सुईणी आल्या आणि एक डॉक्टर, कंत्राटावर. सरकारनं पत्रक काढलं की हे सगळं आधीपासूनच ठरलेलं होतं. आम्ही ते वाचून पोट धरून हसलो.

टेगनला मुलगी झाली, कोराबिनमध्ये, पलंगावर, स्वच्छ चादरीवर. सुईण आयर्लंडची होती आणि ती टेगनपेक्षा जास्त शिव्या देत होती, असं ड्युल्सीनं कौतुकानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लॅकलन आला. हातात फुलं, मागे तोच छायाचित्रकार. ड्युल्सी वॉर्डाच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मी तिच्याशेजारी.

"अभिनंदन, मिसेस हॅनाफिन. आम्ही शब्द पाळला."

"सुईणींचं कंत्राट कितीचं आहे?"

"सध्या तीन महिन्यांचं."

"चौथ्या महिन्यात ज्यांना दिवस भरतील त्या कुठे जातील?"

"त्यावर आम्ही अभ्यास..."

ड्युल्सीनं फुलं घेतली, माझ्या मांडीवर ठेवली. "आत बाळ झोपलंय, फोटो नको. तू त्या बाकावर बस आणि मंत्र्यांना फोन लाव. चौथ्या महिन्याचं काय ते विचार. मी इथेच आहे."

त्यानं छायाचित्रकाराकडे पाहिलं. छायाचित्रकार भिंतीकडे पाहत होता. लॅकलन बाकावर बसला आणि त्यानं फोन लावला.

"मोठ्यानं बोल," ड्युल्सी म्हणाली. "आम्हालाही ऐकू दे."