सुमनमावशीचं निळं घर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, नांदेडात ज्यांच्यासोबत बसून सिनेमावर तावातावानं भांडतो त्या मित्रांपाशीही नाही. आज बोलतोय, कारण चीड आलीय.

परवा लातूरच्या एका कॉलेजात माझी डॉक्युमेंटरी दाखवली. ब्लॅक अँड व्हाइट आहे. संपल्यावर एक प्राध्यापक डोळे पुसत उठले. म्हणाले, "रंग काढून टाकलेत तुम्ही, अन् दुःख तेवढं उरलं." टाळ्या! पुण्याच्या महोत्सवात बक्षीस देताना परीक्षकही जवळपास हेच बोलले होते. कुणाचं दुःख? जिच्यावर फिल्म आहे ती बाई शूटिंगभर हसत होती! एकालाही विचारावंसं वाटू नये – रंग होते तरी कोणते? काढले का?

मला ब्लॅक अँड व्हाइट आवडतं, हे खोटं नाही. रंग गेला की नजर भटकत नाही, चेहऱ्यावर थांबते. कपाळावरचा उजेड दिसतो, दाराआडचा अंधार जड होतो. विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो, परवाही सांगितलं. पण मी रंग काढले ते त्यासाठी?

ती बाई म्हणजे सुमनमावशी – मावशी नुसती म्हणायची, नात्यातली नाही; नायगावकडच्या एका खेड्यात राहते. बौद्ध कुटुंब, थोडी शेती, लेक सरकारी दवाखान्यात नर्स. मला दुष्काळावर फिल्म करायची होती – तसं महोत्सववाल्यांना कळवूनही बसलो होतो. गेलो, तर त्या साली पाऊस झक्कास झालेला. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, हिरवंगार. अन् मावशीचं घर? लेकीला नोकरी लागली म्हणून नुकतंच रंगवलेलं, निळंशार. ओटा तर तिनं स्वतः ब्रश धरून रंगवलेला. शूटिंग आहे म्हणून पिवळी साडी नेसली, केसांत अबोली माळली.

"घर समदं येऊ दे बरं का," म्हणाली. "लई हौसेनं रंगवलंय."

येऊ दिलं. सगळं घर घेतलं.

मग नांदेडला येऊन कॉम्प्युटरपुढं बसलो, तर पडद्यावर एक सुखी बाई. तिला कोण बक्षीस देणार होतं? मी रंग काढला. दुसरं काही करावंच लागलं नाही – सोयाबीन करपल्यागत झालं, निळी भिंत राखेसारखी, नवीकोरी साडी जुनेर वाटायला लागली. तरी समाधान नव्हतं. काळं आणखी काळं केलं, आभाळ पांढरंफटक केलं. जुन्या दुष्काळाबद्दल ती म्हणाली होती, "तवा प्यायला पाणी न्हवतं." त्यातला "तवा" मी कापला.

हदगावला आमची जमीन आहे, दोन मजली घर आहे. माझ्या आईचं घर असं पुसलं असतं मी? हात धजला नसता. मावशीचं पुसताना हात थांबलासुद्धा नाही.

त्या प्राध्यापकांची, परीक्षकांची मला चीड येते. गरीब बाई त्यांना राखाडीच लागते. मावशीनं निळ्या भिंतीला टेकून हसावं, हे त्यांना चालत नाही. पण हे मला आधीपासून माहीत होतं ना? माहीत होतं म्हणूनच तर तशी करून दिली.

अन् खरं सांगायचं ते अजून पुढंच आहे.

लेकीनं मोबाईलवर फिल्म दाखवली, तेव्हा मावशीचा फोन आला.

"बाबा, माझ्या घराचा रंग कुठं गेला रे?"

आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी तेव्हा खरं बोलू शकलो असतो. नाही बोललो.

"कॅमेऱ्यात रंग येत नव्हता, मावशी. जुना होता."

"हाव का? मंग आधी सांगायचं न्हाई का! लेकीचा मोबाईल दिला असता की." मग शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाली, "रंगीत कॅमेराबी न्हाई गं बिचाऱ्याकडं."

लेक मात्र शिकलेली पोरगी – तिला कळलं असणार. ती अजूनही माझ्याशी बोलत नाही.

मावशी बोलते. सणाला फोन करते, जेवायला बोलावते. परवा लातूरहून परतताना, टाळ्या अजून कानात होत्या, तेवढ्यात तिचा फोन आला. आधी बायकोची तब्येत विचारली. मग म्हणाली,

"घेतला का रे रंगीत कॅमेरा?"

"न्हाई अजून, मावशी," मी म्हणालो.