शेजार नसलेली भाषा

हॉस्टेलच्या बाईंनी मला खाली बोलावून तार हातात दिली, तेव्हा वर्ग सुरू व्हायचे होते. उमाकाकू गेली होती. मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बंदरावर काका उभे होते. "तापाचं निमित्त झालं," एवढंच बोलले आणि माझी ट्रंक उचलून चालू लागले. मला विचारायचं होतं ते यमूबद्दल, त्यांच्या मुलीबद्दल. आपल्या आईशी ती जी भाषा बोलायची ती आता कुणाशी बोलणार? पण असलं काही मला पटकन विचारता येत नाही. मी नुसती त्यांच्या मागून चालत राहिले.

काका तरुणपणी कालिम्पाँगला एका लोकरीच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. काकू तिथली. तिचे वडील नेपाळी, आई भूतानातली. त्या लग्नावरून आमच्या घरात बरंच झालं होतं, ते मी इथे उगाळत नाही. ती आली तेव्हा मी शाळकरी होते, मुंबईच्या मिशनच्या शाळेतून सुट्टीला आलेली. इंग्रजीत शिकल्यामुळे घरच्या मोठ्या माणसांसमोर माझं मराठी अडखळायचं आणि मी गप्प बसायचे. काकूचंही मराठी तेव्हा अडखळतच होतं. आम्हा दोघींचं जमलं ते बहुधा तिथेच...

तिच्याजवळ दोन भाषा होत्या आणि त्या तिने आमच्या घरात दोन पाहुण्यांसारख्या आणल्या. नेपाळीचं लगेच सगळ्यांशी सूत जुळलं. हात, नाक, कान, दूध, भात... शेजारणी एकेक शब्द विचारायच्या आणि आपलाच निघाला की खूश व्हायच्या. अक्षरंही आपलीच, बालबोध. दुसरी भाषा आईकडची. लोक तिला नुसतं भूतानी म्हणत, काकू जोंगखा म्हणायची. जोंग म्हणजे किल्ला; किल्ल्यातल्या लोकांची बोली. तिच्यात ओळखीचं काही सापडत नसे. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, पण आवाज वर गेला की अर्थ एक, खाली आला की दुसरा. नेपाळीत मान द्यायला आपल्या 'तू, तुम्ही'सारखी सोय आहे. जोंगखात वाक्याच्या शेवटी एक हळूच 'ला' येतो, आणि वडीलधाऱ्यांच्या डोक्याला, हाताला, झोपेला शब्दच निराळे.

"भुताची भाषा का गो ही?" शेजारच्या एका बाईंनी एकदा विचारलं.

"भुतं तुमच्या कोकणात," काकू म्हणाली. "आमच्याकडे लामा."

मला मजा वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. नेपाळी बोलताना काकू आमच्या घरातली सून असायची. काकांचं नाव चुकूनही घेत नसे. जोंगखात शिरली की विहिरीवरून खुशाल ओरडायची, "विष्णू!" काका कावरेबावरे होऊन इकडेतिकडे बघत, आणि जात.

यमू बोलायच्या वयाची झाली आणि बोलेना. इतर मुलं बडबडू लागली तरी ही नुसती बोट दाखवायची. आमच्या ओळखीचे एक मास्तर म्हणाले की तीन भाषांनी मुलीचा गोंधळ झालाय. माझ्या आईला ते पटलं. एकदा तांदूळ निवडता निवडता ती काकूला म्हणाली, "उमा, नेपाळी राहू दे हो. ती आपल्यासारखीच आहे. पण ते दुसरं बंद कर. पोर मुकी राहिली तर काय करशील?"

 काकूचे हात थांबले. संध्याकाळी ती आईपुढे येऊन उभी राहिली. "वहिनी, एक सोडते. नेपाळी सोडते."

"अगो, सोपी ती सोडतेस?"

"सोपी आहे म्हणूनच. मराठी आली की नेपाळीचं अर्धं दार उघडं. यमू मोठेपणी तिकडे गेली तर बाजारात फिरून शिकेल. पण दुसरीला इथे शेजार नाही, वहिनी. मी नाही बोलले तर ती तिला कुणीच देणार नाही."

आई रागावली. "तुझी मुलगी, तू जाण," म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. मी दाराआड होते. नेपाळी ही काकूच्या वडिलांची भाषा होती, अंगणात चार बायकांत बसून हसायची भाषा होती. त्यानंतर यमूसमोर तिने नेपाळीचा एक शब्दही उच्चारलेला मी ऐकला नाही. आणि यमूच्या न बोलण्याची भीती तर तशीच होती. कोणती भाषा सोडली म्हणजे ती भीती जाते, हे कुणाला ठाऊक होतं?

यमू पुढच्या उन्हाळ्यात बोलली. पहिला शब्द 'आई'. माझी आई म्हणाली, मराठी बोलली! काकू म्हणाली, आमच्या किल्ल्यातही आईला आईच म्हणतात. त्या दोघी त्यावरून भांडल्या आणि भांडता भांडता हसू लागल्या. मग यमू दोन्ही भाषांत इतकी बोलायला लागली की काका पडवीत जाऊन बसायचे.

या खेपेला मी आले तेव्हा यमू फक्त मराठी बोलत होती. काकूकडून सुट्ट्यांत शिकलेलं मोडकंतोडकं जोंगखा मी तिच्याशी बोलून पाहिलं. तिने ऐकलं आणि मराठीत उत्तर दिलं. मला वाटलं, संपलं...

काकू तिला जेवायला हाक मारायची ती मागच्या दारात उभी राहून, तिच्या भाषेत. परवा पानं मांडली होती आणि यमू आंब्याखाली बसून होती. आईने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली, ती उठली नाही. मग आई मागच्या दारात गेली. पदर खोचून म्हणाली, "यमू, तो झागे गो!"

चल, भात जेवू या. इतकी वर्षं रोज कानावर पडत होतं, पण आईच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. सूर पार चुकला होता.

यमूने मान वर केली. "असं नाही म्हणत, मोठीआई."

"मग कसं म्हणतात ते येऊन सांग. आमटी निवत्ये."

यमू उठली. पायरीवर उभी राहून तिने आईकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं, आणखी एकदा घेतलं, आणि मग दोघी आत आल्या.