उन्हाची खिडकी

ऐन उन्हाळ्यात इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर आम्ही सगळे लिंबाच्या सावलीत दाटीवाटीनं उभे होतो. पिकल्या मिशांचा एक माणूस मात्र कोट घालून, भर उन्हात ट्रंकेवर ऐटीत बसला होता.

"तात्या, सावलीत या की," मी म्हणालो.

"न्हाय. लई वर्सं लंडनात काढली. तितं उन्हालाबी भाडं पडतं." त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "खोलीत ऊन येत असलं की भाडं वाढायचं. ठेसन जवळ असलं की वाढायचं. अन् मालकिणीनं दार उघडून माझं काळं तोंड बघितलं, की आणखी वाढायचं."

"मग हो?"

"मग तळघरात ऱ्हायलो, अन् परत आल्यावर गावाकडं, वरकुट्याला घर बांधलं. चारी अंगांनी खिडक्या! गवंडी म्हणला, भाजून निघाल. म्हणलं, भाजू दे!"

एवढ्यात बस आली. सावलीच्या बाजूला बसायला एकच झोंबाझोंबी झाली. तात्या सगळ्यांत शेवटी, सावकाश चढले. उन्हाच्या बाजूची खिडकी मोकळीच होती. तिथं मांडी ठोकून बसत ते साऱ्या बसला ऐकू जाईल असं गरजले,

"खिडकी उन्हाची, अन् तिकीट सगळ्यांना सारखं!"