धनत्रयोदशीला परत घेतलेले दिवे

श्री. मधुकरराव काठोळे यांची आणि माझी पहिली भेट देणगीच्या निमित्ताने झाली, आणि देणगी द्यायला त्यांनी साफ नकार दिला. आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी उद्योजकता उपक्रम सुरू होत होता. मी वाणिज्य शिकवत असे. आमच्या शहरातल्या कमानिया गेटजवळच्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानात मी बक्षिसासाठी रक्कम मागायला गेले होते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "बक्षीस घेऊन पोरं घरी जातील, मॅडम. मले पोरंच पाठवा. दिवाळीत समोरचं काउंटर त्यांचं."

मग शेजारच्या दुकानदारांकडे स्वतः जाऊन त्यांनी त्यांनाही काउंटर द्यायला लावले. अट एकच होती. विद्यार्थ्यांचा माल दुकानाच्या बिलावर विकला जाईल आणि तक्रार आली तर दुकानदार उत्तर देईल. देणगीची पावती घेऊन मोकळे होणे सोपे असते. शिकाऊ मुलांच्या मालाला आपले नाव लावणे सोपे नसते. प्राचार्यांना हे धोक्याचे वाटले. एकही तक्रार आली तर उपक्रम बंद, असे त्यांनी मला बजावले.

रश्मी नावाच्या विद्यार्थिनीने स्वतःच्या कल्पनेचे पितळी दिवे घडवून घेतले होते. मागणी वाढली, घाई झाली आणि शेवटची खेप तिने नुसते पाणी भरून तपासली. बुडाच्या जोडातून पाणी गळले नाही. तेल मात्र झिरपले. हे कळले ते ऐन धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, एक बाई तेलकट दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात आल्या तेव्हा.

आमच्या बाजारात त्या दिवशी विकलेला माल परत घेत नाहीत. गल्ल्यात आलेला पैसा परत देणे म्हणजे लक्ष्मीला दाराबाहेर काढणे, असे सगळेच मानतात. शेजारचे सराफ, जे व्यापारी संघाचे अध्यक्षही होते, धावत आले. "काठोळे भैया, कल ले लेना. आज लौटाया तो लाइन लगेगी, हमारे यहाँ भी."

"तो आज इनके घर में अंधेरा रहे क्या, सेठजी?" एवढेच बोलून मधुकररावांनी पैसे परत केले. उरलेले सगळे दिवे काउंटरवरून उतरवले. रश्मीला त्यांनी पुढे उभे केले आणि दिवा नेलेल्या प्रत्येकाला खरे ते सांगायला लावले. ती रडत होती. ते तिला म्हणाले, "रडून झालं की सांग त्यांना. मी बाजूले उभा आहो."

रांग लागलीच. कोणीतरी टोमणा मारला, "पढ़े-लिखों का दीया है, तेल खुद ही पी जाता है." लोक हसले. मधुकरराव हसले नाहीत आणि हललेही नाहीत. सराफांनी त्याच संध्याकाळी आमच्या मुलांचा माल आपल्या काउंटरवरून उचलायला लावला. त्यांचे पाहून बाकीच्या दुकानदारांनीही तेच केले.

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांसमोर जाऊन बसले. बिल माझे, तक्रार माझ्या दुकानाची, मग शिक्षा मुलांच्या उपक्रमाला कशी, असे त्यांनी विचारले. प्राचार्यांनी उपक्रम चालू ठेवला. तिथून ते मला घेऊन रश्मीच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी तिचे हे सगळे बंद करायचे ठरवले होते. "मी माझं काउंटर बंद केलं नाही, भाऊ. तुम्ही काहून करून राहिले?" असे ते म्हणाले आणि बसूनच राहिले. होकार मिळाल्यावरच उठले. आज आमच्याच शहरात, मदन महल भागात, रश्मीचा स्वतःचा कारखाना आहे.

मधुकररावांनी मला अनेकदा मदत केली. माझ्या आजारपणात रोज त्यांच्याकडून डबा येत असे. पण या गौरवग्रंथात मला गोड बोलून थांबता येत नाही. त्या दिवाळीला गेलेली काउंटरे परत आली नाहीत. उपक्रम अजून त्यांच्या एकट्याच्या दुकानावर उभा आहे. त्यांनी पंचाहत्तरी गाठली आहे, आणि डॉक्टरांनी त्यांना दिवाळीत उभे राहायला मनाई केली आहे. त्यांच्यामागे मुलांसोबत कोण उभे राहील, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

मधुकररावांना दीर्घ आयुष्य लाभो, गुडघे बळकट राहोत आणि यंदाच्या धनत्रयोदशीला, मुलांसोबत दुसरे कोणी उभे असल्याने, त्यांना निश्चिंत खुर्चीवर बसता येवो. त्यांच्या पंचाहत्तरीच्या सत्काराच्या दिवशी हार घेऊन येणाऱ्या व्यापारी बंधूंना माझी विनंती आहे: हार आणू नका. आपल्या दुकानातले कोणते काउंटर देता, ते त्यांच्यासमोर सांगा. मी पहिल्या रांगेत बसलेली असेन.