दोन हात भिंत

शिलाईचं दुकान असलं की चिंध्या साठतात. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण टोपली भरतेच. आमच्या थापी मंडळाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. एक सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा येतो आणि गिऱ्हाइकाचा ब्लाउज मशीनवर तसाच राहतो. मग ती बाई म्हणते, "मावशी, किस्सा ऱ्हाऊ द्या, आधी हुक लावा!"

मंडळ म्हणजे एका भिंतीला थापी मारणारी चार माणसं. जळोचीत आमच्या घराला लागून तात्यांचं घर. तात्या साखर कारखान्यात उसाच्या मिलवर होते, आता रिटायर. कान कमी झालेत, पण बोलणं अजून मिल चालू असल्यासारखंच! त्यांची बायको आक्का. तिसरे आमचे मालक, जे सकाळी दुधाचा टेम्पो चालवतात आणि उरलेला दिवस मला अक्कल शिकवतात. चौथी मी.

झालं काय, पाऊस सरता सरता तात्यांच्या पोर्चच्या भिंतीचा एवढा मोठा पोपडा धाडकन खाली आला. तो पडला नेमका आक्का रोज भाजी निवडायला बसते तिथंच. आक्का म्हशीला पेंड घालायला गेली होती म्हणून वाचली. तेवढ्यात पुण्याहून महेशचा व्हिडिओ कॉल. महेश म्हणजे त्यांचा एकुलता एक लेक. आता शहाण्या माणसानं फोन दुसरीकडं फिरवावा की नाही? तात्यांनी तो भिंतीसमोरच धरला. "बघ बघ, केवढा पडला!"

महेशचं तोंडच उतरलं. म्हणाला, "तात्या, आईच्या डोक्यात पडला असता म्हंजे? बास झालं आता. दिवाळीला येतो. भिंत अशीच दिसली, तर दोघांनाबी घेऊन जातो अन् घराला कुलूप लावतो."

आक्का माझ्याकडं आली आणि दारातच उभी राहिली. "पुण्यात बाल्कनीत म्हस बांधू का गं?" म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. आक्का गेली तर माझी दुपार कुणाबरोबर जायची? कुणाला नावं ठेवायची, कुणाच्या हातची शेंगदाण्याची चटणी खायची? तिथंच ठरलं. दिवाळीच्या आत भिंत धड करायची, म्हणजे करायचीच.

*

आधी गवंडी शोधला बरं का! नाही असं नाही. पण हल्ली आमच्याकडं जिकडं बघावं तिकडं बंगले उठतायत. गवंड्याला नवरदेवापेक्षा जास्त भाव. एकाला फोन लावला.

"किती काम हाय?"

"पोर्चची भिंत हाय. प्लास्टर पडलंय, दोन हात असंल."

"दोनच हात?"

"व्हय."

"मग ताई, तुमचं दोन हात पुरत्याल की!"

आणि ठेवला की फोन! मी चिडले, पण मालक म्हणाले, "बरोबर बोलला त्यो. एवढं काय अवघड हाय? मी मोबाईलवर बघितलंय." आमच्या ह्यांनी मोबाईलवर बघितलेल्या गोष्टींची यादी करायची नाही असं मी लग्न टिकवण्यासाठी ठरवलंय.

*

पहिल्यांदा भिंत वाजवून बघायची असते. हातोडीच्या दांड्यानं ठोकायचं. खणखणीत वाजली तर धरून आहे, बद्द वाजली तर आतून सुटलेली. मडकं घेताना आपण वाजवतो ना, तेच.

आता वाजवणार कोण? तात्या. ऐकणार कोण? तात्यांना ऐकू येत नाही! म्हणून ऐकायला आक्का.

तात्या ठोकायचे आणि विचारायचे, "कसं वाजलं?"

"खणखणीत!"

दोन पावलं पुढं. "आन् हे?"

"ते बी खणखणीत!"

मी हौदापाशी उभी. मला लांबून बद्द ऐकू येतंय आणि आक्काला शेजारी उभं राहून सगळी भिंत खणखणीत! मी खूण केली, तर तिनं डोळे वटारले. तिला काय वाटलं असेल ते मला कळत होतं. जेवढी भिंत वाईट निघेल तेवढं पुणं जवळ! शेवटी खिडकीखाली तात्यांनी जरा जोरात ठोकलं आणि हातभर पोपडा तात्यांच्या पायाशी आला.

तात्या त्याच्याकडं बघत म्हणाले, "ही बी खणखणीतच पडली बघ!"

*

सुटलेलं सगळं काढायचं ठरलं. मालक छिन्नीनं पोपड्याच्या कडेकडेनं कोरत बसले. मी म्हटलं, "अहो, असं काठावर कापू नका. चांगल्या भागात जरा आत शिरा. माया ठेवा, माया!"

मालकांची छिन्नी थांबली. तात्यांनी विचारलं, "काय म्हणती ती?"

मालक ओरडून म्हणाले, "भिंतीवर माया ठिवा म्हणती!"

तात्या गंभीर झाले. म्हणाले, "आरं ठिवली की! हे घर बांधलं तवा एकेक वीट सोता डोक्यावर वाहिली!"

आता शिलाईतली माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड हे त्यांना ओरडून कसं समजावणार? मी हात जोडले आणि स्वतःच खडूनं मोठा चौकोन आखून दिला. ठिगळ लावणं हा माझा धंदा आहे. फाटक्या कडेवर ठिगळ टिकत नाही, कापड असो की भिंत.

*

मग माल. सिमेंट, वाळू, पाणी कालवलं की त्याला माल म्हणतात. मालकांनी पहिल्या दिवशी असा कालवला की भिंतीवर मारला आणि आमटीसारखा खाली आला. दुसऱ्या दिवशी असा, की थापीला चिकटला तो थापीचाच झाला.

आक्का बघत होती. शेवटी तिचा संयम सुटला. "सरका तिकडं! थालीपिठाचं पीठ भिजवतात तसा पायजे." तिनं हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, माल कालवला, गोळा घेतला आणि ओल्या भिंतीवर थाप थाप थापला. काय बसला सांगू! कडा कशा गोल, जाडी कशी सारखी.

आणि मग आक्कानं बोटानं त्याला भोकं पाडली. एक मधी आणि चार बाजूला.

"आक्का, भोकं कशाला?"

आक्का स्वतःच्या बोटाकडं बघायला लागली. "अगं बया! तेल सोडाया."

मी हसून हसून खाली बसले. तात्या मात्र म्हणाले, "असू दे, असू दे. वरचा हात धरायला बरं पडतंय." आणि खरंच, त्या भोकांत प्लास्टरचा दुसरा हात, म्हणजे वरचा थर, इतका घट्ट बसला की आजपर्यंत तेवढा भाग हललेला नाही. बाकी भिंतीचं काय झालं ते ऐका.

*

प्लास्टर केलं की त्याला पाणी मारत राहावं लागतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तात्या विसरायचे. मग त्यांनी डोकं लावलं. मागं वांग्याला ठिबक आहे, त्यातलीच एक नळी ओढली आणि भिंतीच्या डोक्यावर आडवी बसवली. थेंब थेंब पाणी भिंतीवरून खाली! बघायला गल्ली लोटली. भवानीनगरहून तात्यांचे व्याही आले होते, त्यांनी तर फोटो काढले. म्हणाले, "तात्या, ह्याच्यावर सबसिडी हाय का बघा!"

तीनचार दिवस भिंत गार. आणि मग आमचे मालक वांग्याला मदत करायला गेले. ठिबकच्या टाकीत खत सोडलं, कॉक उघडला आणि घरी येऊन झोपले.

भिंत त्याच लायनीवर!

एकदा सोडलं, दोनदा सोडलं. आठवडा गेला तर भिंतीच्या दाराजवळच्या बाजूला हिरवं शेवाळ, त्याच्यावर पांढरं मीठ फुललेलं. तात्या घाबरून खताच्या दुकानात गेले. म्हणाले, "खत जास्त झालंय, उतारा द्या."

दुकानदार म्हणाला, "पीक कुठलं?"

"पोर्चची भिंत."

दुकानदारानं पेन खाली ठेवला. "बागायत का जिराईत?"

*

हसलो खरं, पण दिवाळी तोंडावर आली होती. दाराजवळची ती सगळी बाजू खरवडून पुन्हा करायला लागली. महेश रविवारी येणार होता. आम्ही शनिवारी दुपारी शेवटचा हात मारत होतो. आक्कानं काळजीच्या नादात म्हशीला दोनदा पेंड घातली.

मालकांनी थापी खाली ठेवली आणि गेटसमोर गाडी थांबली. महेश! एक दिवस आधी!

तात्यांनी घमेलं बाजेखाली ढकललं. मालक थापी उचलून, पाठीमागं धरून टेम्पोकडं निघून गेले. आणि आक्का? आक्का दाराजवळच्या त्या ओल्या प्लास्टरला पाठ लावून उभी राहिली. पदर सारखा केला, तोंडभर हसली. "आलास व्हय रं?"

महेशनं भिंत बघितली. बोटानं ठोकत ठोकत खिडकीपर्यंत गेला. खणखणीत! खरोखरच खणखणीत. माझा जीव भांड्यात पडायला लागला.

"आई, बस की."

"बसून बसून पाय आकडल्यात."

"मग चहा टाक."

"शोभा टाकंल."

मी आत गेले. आक्कानं मला कधी तिच्या गॅसला हात लावू दिला नव्हता. महेशला ते ठाऊक होतं. मी चहा घेऊन आले तेव्हा तो आईकडंच बघत होता. म्हणाला, "आई, मला रात्री झोप लागत न्हाय. डोळं मिटलं की ती भिंत दिसती. तुमाला काय झालं म्हंजे मी काय करू? खोली तयार केलीय तुमच्यासाठी. चल, आत जाऊन बॅग भरू."

आक्कानं मान हलवली, नाही म्हणून.

"चल गं," म्हणत त्यानं तिचा हात धरला आणि ओढला.

फस्सकन आवाज झाला. आक्का पुढं आली आणि तिच्या पाठीबरोबर तिथलं अख्खं प्लास्टर आलं. भिंतीवर उघड्या विटा, आणि आक्काच्या हिरव्या लुगड्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत ओला माल.

तात्यांना ऐकू आलं नव्हतं, पण दिसलं सगळं. आक्का खाली बघत उभी राहिली, चोरी पकडल्यासारखी.

महेशनं विटांकडं बघितलं. मग आईच्या मागं गेला आणि तिच्या पाठीवरचा माल हातानं काढायला लागला. हळूहळू, सगळा निघेपर्यंत. मग हात झटकत तात्यांच्या कानाशी वाकला आणि मोठ्यानं म्हणाला,

"तात्या, पुढच्या येळंला माल जरा घट्ट कालवा!"